सिन्हलाइट की पेरिडॉट? घरच्या काट्यापासून क्रिस्टल स्ट्रक्चरपर्यंत, क्रम न चुकवता

तपकिरी, मधाच्या रंगाच्या खड्याचा मोबाईलवर काढलेला फोटो पाठवून "हा सिन्हलाइट आहे का हो" असं विचारणाऱ्यांना मी आता फोटोवर काही सांगत नाही. फोटोवरून कळतच नाही. पण फोटोसोबत स्वतः काढलेली एस.जी. म्हणजे विशिष्ट गुरुत्व (खडा तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा किती पट जड तो आकडा) लिहून पाठवतात ना, तिथेच खरी गंमत असते, कारण दहातले नऊ आकडे मोजण्याआधीच चुकलेले असतात. कुणी ०.०१ ग्रॅमचा काटा वापरलेला, कुणी खडा शिवणाच्या दोऱ्याला बांधलेला, एकाने तर अंगठीसकट पाण्यात बुडवलेला.

सिन्हलाइट हे मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचं बोरेट, एक मॅग्नेशियम, एक ॲल्युमिनियम, एक बोरॉन, चार ऑक्सिजन. पेरिडॉट म्हणजे ऑलिव्हिन नावाच्या खनिजाचा रत्नखडा. १९५२ पर्यंत सिन्हलाइटला तपकिरी पेरिडॉट म्हणूनच विकत होते, म्हणजे दिसायला किती सारखे ते समजा. आपल्याकडे गोव्यात गोंधळ अजून एका बाजूने होतो, राहूसाठी घेतलेला "सिलोनी गोमेद" घरात पडून असतो आणि श्रीलंकेच्या त्याच रत्नवाळूतून सिन्हलाइट पण निघतो. त्यामुळे शंका येणं बरोबर आहे. फक्त तपासायचा क्रम पाळा.

आधीच सांगतो, डिचोली-सांगेच्या खाणींच्या बाजूला किंवा चिऱ्याच्या खाणीत हा शोधायला जाऊ नका. याला बोरॉनवाला चुनखडक आणि त्याला खेटून तापलेला ग्रॅनाइट किंवा नाईस (पट्ट्यापट्ट्यांचा रूपांतरित खडक) असा शेजार लागतो, जांभ्यात आणि लोहखनिजात ते जमत नाही. इथे तुमच्या हातात येणार तो घडवलेला खडाच.

## ० : तयारी, जी सगळे टाळतात

सामान फार नाही, पण प्रत्येक गोष्टीला कारण आहे.

काटा. ०.००१ ग्रॅम दाखवणारा, कॅरेट काटा म्हणून मिळतो तो. आता ०.०१ वाला का चालत नाही याचा हिशोब एकदाच करून दाखवतो. दोन कॅरेटचा खडा म्हणजे ०.४ ग्रॅम. सिन्हलाइट असेल तर तो ०.११५ ग्रॅम पाणी बाजूला सारणार, पेरिडॉट असेल तर ०.१२०. फरक किती, पाच मिलिग्रॅम. ०.०१ च्या काट्यावर तुम्हाला एकदा ०.११ दिसेल, एकदा ०.१२ दिसेल, आणि त्यावरून एस.जी. कधी ३.६४ येईल, कधी ३.३३. म्हणजे एकच खडा सकाळी गोमेद आणि संध्याकाळी पेरिडॉट. शक्य असेल तर चार-पाच कॅरेटचा खडा घ्या, मग फरक दहा-बारा मिलिग्रॅमपर्यंत जातो आणि श्वास घ्यायला जागा मिळते.

कप. असे स्वस्त काटे बहुतेक ५० ग्रॅमपर्यंतच उचलतात. काचेचा ग्लास ठेवला की काटा एरर देतो आणि लोक म्हणतात काटा बिघडला. औषधाच्या बाटलीसोबत येतो तसला हलका प्लास्टिकचा कप घ्या, ३० मिलीच्या आसपासचा.

पाणी. विहिरीचं नको, बोअरचं नको. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणा, एकदा उकळा, झाकून थंड होऊ द्या. उकळल्याने त्यातली विरघळलेली हवा निघून जाते, नाहीतर खड्याला बारीक बुडबुडे चिकटतात. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, सुईच्या टोकावर मावेल एवढाच.

तंगूस. मासे गळाला लावायची नायलॉनची तंगूस, सगळ्यात बारीक नंबरची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळेल, नाहीतर कुठल्याही जाळी-गळाच्या दुकानात. शिवणाचा दोरा पाणी पितो, त्याचं वजन मिनिटामिनिटाला बदलतं. मी स्वतः पहिल्यांदा सुती दोराच वापरला होता, ३.३१ आलं, पेरिडॉट म्हणून डबीवर चिठ्ठी लावली आणि वर्षभर तो खडा चुकीच्या डबीत पडून होता.

बाकी बारीक तांब्याची तार, चिमटा, दहा पटीचं भिंग, आणि पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर आडवी ठेवायला एक पट्टी.

> थांबा: खडा अंगठीत किंवा पेंडंटमध्ये असेल तर वजनाची पायरी होणारच नाही. शेटीकडून, म्हणजे सोनाराकडून, काढून घ्या. आणि परत बसवताना खडा जागेवर ठेवून टाकणखार (बोरॅक्स) लावून ज्योत मारू नका असं स्पष्ट सांगा, घडवलेल्या खड्याला एकदम आच लागली की तडा जाऊ शकतो.

## १ : खडा धुणे आणि भिंगाखाली बघणे

कोमट पाणी, साबण, मऊ टूथब्रश. अंगावर घातलेल्या खड्यावर खोबरेल तेल, उटणं, चंदन काय काय असतं, ते खालच्या पैलूंत अडकून बसतं. धुऊन सुती फडक्यावर पूर्ण वाळवा, पावसाळ्यात जरा जास्त वेळ.

मग भिंग. खडा टेबलकडून, म्हणजे वरच्या मोठ्या सपाट पैलूकडून धरा आणि आरपार मागच्या पैलूंच्या कडांकडे फोकस करा. सिन्हलाइटमध्ये त्या कडा स्पष्ट दोन-दोन दिसतात, रेल्वेच्या रुळासारख्या. पेरिडॉटमध्येही तशाच. गोमेद आणि काच यांत कडा एकेरीच राहतात, कितीही फिरवा. बस, या एका पायरीवर अर्धे उमेदवार बाद होतात आणि अर्ध्या लोकांना पुढचं वाचायची गरज उरत नाही.

इथली नेहमीची चूक: एकाच दिशेने बघून "डबल नाही" म्हणून सोडून देणे. प्रत्येक दुहेरी खड्यात अशी दिशा असते जिकडून बघितलं की कड एकेरीच दिसते. तीन तरी वेगवेगळ्या दिशांनी बघा.

खडा फिरवताना रंग बदलतो का तेही बघून ठेवा. सिन्हलाइटमध्ये फिकट तपकिरी, हिरवट तपकिरी आणि गडद तपकिरी असे तीन दिशांना तीन रंग असतात. पेरिडॉटमध्ये हा खेळ अगदी मंद.

## २ : एस.जी., आणि ही रिफ्रॅक्टोमीटरच्या आधीच

आधीच का, तर रिफ्रॅक्टोमीटरला (खड्यात प्रकाश किती वाकतो ते मोजणारं उपकरण) चिकट जड तेलासारखं द्रव लागतं, ते पैलूवर राहिलं की वजनही चुकतं आणि पाणीही खड्याला नीट भिजवत नाही. उलट क्रमाने केलेली एस.जी. मी मानतच नाही.

२.१ — पंखा बंद, खिडकी बंद, एसीची हवा काट्यावर नको. काटा सपाट ओट्यावर. चालू करून दहा मिनिटं तसाच सोडा.

२.२ — कोरडा खडा तोला. तीनदा. आकडा लिहा.

२.३ — कपात पाणी भरा, कप काट्यावर. पट्टी दोन्ही बाजूंच्या पुस्तकांवर, ती काट्याला कुठेही टेकता कामा नये. पट्टीवरून तंगूस, तंगुशीला तांब्याच्या तारेची छोटी टोपली. टोपली पाण्यात पूर्ण बुडलेली पण तळाला आणि बाजूला न लागलेली. तंगुशीवर पेनाने खूण करा, कुठपर्यंत बुडाली ती.

२.४ — या अवस्थेत काटा शून्य करा.

२.५ — टोपली वर उचला पण कपाच्या वरच ठेवा, बाजूला नेऊ नका. पाण्याचा एक थेंब साधारण पन्नास मिलिग्रॅम, आणि आपण भांडतोय पाच मिलिग्रॅमसाठी, तेव्हा बाहेर सांडलेल्या एका थेंबाने सगळं मोजमाप वाया जातं. कोरड्या चिमट्याने कोरडा खडा टोपलीत ठेवा, परत त्याच खुणेपर्यंत बुडवा.

२.६ — भिंगातून बघा बुडबुडा आहे का. असेल तर तंगुशीला हळूच टिचकी.

२.७ — काट्यावर जो आकडा येतो तो खड्याने बाजूला सारलेलं पाणी. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे एस.जी.

उदाहरण. कोरडा ०.८४२ ग्रॅम, पाण्यात ०.२४२. भागाकार ३.४८. हाच खडा पेरिडॉट असता तर पाण्यातला आकडा ०.२५२ च्या जवळ आला असता.

२.८ — खडा काढा (कपाच्या वरच!), रिकामी टोपली परत खुणेपर्यंत बुडवा, शून्य परत येतंय का बघा. एक-दोन मिलिग्रॅम खाली आलं तर ती वाफ झालेली असते, आणि एप्रिल-मे मध्ये ती बऱ्यापैकी होते, एरवी शिव्या घालतो त्या पावसाळी दमट हवेचा इथे फायदाच. जास्त उतरलं असेल तर पुन्हा सगळं.

पाच वेळा करा. पाच आकड्यांत दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर सरासरी काढून स्वतःला फसवू नका, कुठेतरी काहीतरी टेकतंय.

> तपासणी: खड्याआधी एक स्फटिक याच पद्धतीने मोजा, २.६५ आलं पाहिजे. माळेतला मणी घेऊ नका, भोकात हवा अडकते आणि आकडा कमी येतो. पैलू पाडलेला किंवा गुळगुळीत अख्खा तुकडा हवा.

आता आकडे वाचायचे कसे. पेरिडॉट ३.३४ च्या आसपास. सिन्हलाइट ३.४६ ते ३.५०. गोमेद ३.६५ च्या जवळ. क्रायसोबेरिल ३.७३. तपकिरी टुरमलिन ३.०६, त्यातही बोरॉन आहे बरं का, पण तो वेगळाच प्राणी. झिरकॉन ३.९ पासून ४.७ पर्यंत, बहुतेक तर हातात घेतल्यावरच जड वाटतो. काच कुठेही येऊ शकते, म्हणून पहिली पायरी आधी केली.

गोव्यात पाणी २८-३० डिग्रीला असतं, त्या तापमानाला पाण्याची घनता १ नाही, ०.९९६ च्या जवळ. त्यामुळे खरी घनता हवी असेल तर उत्तराला ०.९९६ ने गुणा, ३.४८ चे ३.४७ होतात. ओळखीसाठी याने काही बिघडत नाही पण पाचव्या पायरीत लागेल.

## ३ : रिफ्रॅक्टोमीटर

हा विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही, रत्न तपासणाऱ्या कुणाकडे असेल तर तिथे बसून अर्ध्या तासात काम होतं. पण तुम्ही समोर बसा, कारण घाईत लोक एकच रीडिंग घेऊन मोकळे होतात आणि या खड्याला एक रीडिंग पुरत नाही.

टेबल पैलू खाली, द्रवाचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. जास्त द्रव घातलं की खडा तरंगतो. पिवळा सोडियम प्रकाश. आतल्या पट्टीवर अर्धा भाग काळा दिसतो, त्या सावलीची कड जिथे येते तो आकडा म्हणजे रीडिंग. पांढऱ्या उजेडात सावलीची कड इंद्रधनुष्यासारखी पसरते आणि तिसरा दशांश अंदाजानेच लिहावा लागतो.

मग खडा थोडा थोडा फिरवत, साधारण तीस-तीस अंशांनी, अर्धा फेरा पूर्ण करा. प्रत्येक ठिकाणी डोळ्यावरच्या पोलरॉइड फिल्टरला फिरवून खालची आणि वरची अशी दोन रीडिंग. बारा-चौदा आकड्यांचा कागद तयार होईल.

सिन्हलाइटचे तीन मुख्य आकडे (अपवर्तनांक) साधारण १.६६८, १.६९७ आणि १.७०७. पेरिडॉटचे १.६५४, १.६७१, १.६९०. सगळ्यात मोठा वजा सगळ्यात लहान, हा फरक दोघांचा जवळजवळ सारखाच, ०.०३६ ते ०.०३९ च्या आसपास. म्हणून "फरक ०.०३८ आला म्हणजे पेरिडॉट" असं जे लोक लिहितात ते चुकीचं. बघायचा असतो मधला आकडा. पेरिडॉटमध्ये तो जवळपास मधोमध, सिन्हलाइटमध्ये तो वरच्या आकड्याला खेटून. म्हणजे सिन्हलाइटची खालची सावली भरपूर सरकते आणि वरची थोडीच. कागदावरचे आकडे बघितले की हे डोळ्यात भरतं.

मधला आकडा कुठला ते एका पैलूवर नेहमी नक्की होत नाही, खालच्या सावलीचं सगळ्यात वरचं टोक आणि वरच्या सावलीचं सगळ्यात खालचं टोक यांच्यात शंका राहते. तेव्हा दुसऱ्या पैलूवर परत फिरवा. दोन्हीकडे जो आकडा तसाच राहतो तो मधला.

> सावध: ते द्रव विषारी आहे, वास घेऊ नका, जेवायच्या टेबलावर वापरू नका, हात धुवा. आणि खडा प्रिझमवर ढकलू नका, प्रिझमची काच मऊ असते, एक ओरखडा आणि उपकरणवाला तुमच्याशी परत बोलणार नाही.

## ४ : स्पेक्ट्रोस्कोप, जमल्यास

स्पेक्ट्रोस्कोप म्हणजे खड्यातून आलेला उजेड रंगांत पसरवून दाखवणारी छोटी नळी. निळ्या-हिरव्या भागात पेरिडॉटच्या लोहामुळे तीन काळे पट्टे दिसतात, ४५३, ४७७ आणि ४९७ नॅनोमीटरच्या जवळपास. सिन्हलाइटमध्ये जवळपास तसेच, पण त्यात एक जादा पट्टा, ४६३ च्या जवळ. तो एक जादा पट्टा दिसला की माझ्यासाठी विषय संपतो.

पण मोबाईलच्या टॉर्चने बघू नका. पांढऱ्या एलईडीच्या उजेडातच ४८० च्या आसपास खड्डा असतो, तो खड्ड्याचा काळपटपणा खड्याचा पट्टा समजून लोक खूश होतात. जुना हॅलोजन दिवा शोधा. आधी खडा न ठेवता नुसता दिवा बघा, मग खडा ठेवून.

ॲसिड आणि स्पिरिट टाकून हिरवी ज्योत बघायची बोरॉनची टेस्ट पण कुणी कुणी सुचवतं. ती पुडीसाठी असते, खडा फोडून पूड करणार असाल तरच, आणि सल्फ्युरिक ॲसिड स्वयंपाकघरात नको. कानशीने ओरखडा काढून कठीणपणा बघणे हेही नको, सिन्हलाइट आणि पेरिडॉट दोघेही मोह्सच्या कठीणपणाच्या मापावर साडेसहा-सातच्या घरात, त्यातून काही कळणार नाही आणि पैलू खराब.

## ५ : क्रिस्टल स्ट्रक्चर बघणे

हे कशाला, असं विचारतात. कारण ३.४८ हा आकडा कुठून आला ते इथेच कळतं. क्रिस्टलमधली अणूंची मांडणी दाखवणारं व्हेस्टा नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात अमेरिकन मिनरलॉजिस्टच्या स्ट्रक्चर डेटाबेसमधून सिन्हलाइटची सी-आय-एफ फाईल (अणूंच्या जागा लिहिलेली) उतरवून उघडा.

५.१ — आधी सेल बघा, म्हणजे क्रिस्टलमध्ये परत परत येणारा सगळ्यात छोटा डबा. त्याच्या तीन बाजू ए ४.३३, बी ९.८८, सी ५.६८ अँगस्ट्रॉम (मीटरचा दहा अब्जावा भाग) असं दिसेल, स्पेस ग्रुप, म्हणजे सममितीचा प्रकार, पी-बी-एन-एम. काही फाईलमध्ये हेच आकडे अदलाबदल होऊन ९.८८, ५.६८, ४.३३ असे येतात आणि ग्रुप पी-एन-एम-ए लिहिलेला असतो. दोन्ही एकच, ६२ नंबर, फक्त अक्षांची नावं फिरवलेली. एका फाईलचे सेलचे आकडे आणि दुसरीतल्या अणूंच्या जागा असं मिसळलंत तर चित्र बघूनच हसू येईल.

५.२ — अणू मोजा. एका सेलमध्ये ४ मॅग्नेशियम, ४ ॲल्युमिनियम, ४ बोरॉन, १६ ऑक्सिजन, एकूण २८. स्क्रीनवर जास्त दिसतील, कारण कोपऱ्यावरचे आणि कडेवरचे अणू सॉफ्टवेअर प्रत्येक ठिकाणी परत काढतं. कोपऱ्यावरचा एक अष्टमांशच मोजायचा. इथे बरेच जण अडकतात.

५.३ — बोरॉनभोवती किती ऑक्सिजन ते बघा. चार यायला हवेत. बोरेट म्हटलं की लोकांच्या डोक्यात बोरॉनभोवती तीन ऑक्सिजनचा सपाट त्रिकोण असतो, शेटीकडच्या टाकणखारात तर त्रिकोण आणि चतुष्फलक (चार ऑक्सिजनचा पिरॅमिड) दोन्ही असतात. सिन्हलाइटमध्ये त्रिकोण नाहीच. प्रत्येक बोरॉन चार ऑक्सिजनच्या छोट्या पिरॅमिडमध्ये, आणि हे पिरॅमिड एकमेकांना चिकटलेले नाहीत, प्रत्येक सुटा. त्रिकोण दिसत असेल तर बॉन्डची मर्यादा (किती अंतरापर्यंतचे अणू जोडून दाखवायचे ती) फार कमी ठेवली असेल, ती थोडी वाढवा, बोरॉन-ऑक्सिजन अंतर सरासरी १.४८ च्या जवळ आहे.

५.४ — ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम. दोघांभोवती सहा-सहा ऑक्सिजन. ॲल्युमिनियमचे अष्टफलक (सहा ऑक्सिजनचे आठ बाजूंचे आकार) कडेला कड लावून सी अक्षाच्या दिशेने रांगेत चाललेत, मॅग्नेशियमचे थोडे मोठे, त्या रांगेच्या बाजूला. सॉफ्टवेअरमध्ये दोघांना वेगळा रंग द्या, नाहीतर सगळी खिचडी दिसते.

आता पेरिडॉटची, म्हणजे फोर्स्टेराइटची (लोह नसलेला शुद्ध मॅग्नेशियमवाला ऑलिव्हिन) फाईल शेजारी उघडा. मांडणी तीच! ऑलिव्हिनचीच. तिथे सिलिकॉन बसलाय तिथे इथे बोरॉन, आणि दोन मॅग्नेशियमपैकी एकाच्या जागी ॲल्युमिनियम. चार्जचा हिशोब पण जुळतो, मॅग्नेशियम २ आणि सिलिकॉन ४ मिळून ६, ॲल्युमिनियम ३ आणि बोरॉन ३ मिळून ६. क्रायसोबेरिलपण याच घरातला. म्हणून हे खडे इतके सारखे वागतात, इतकी वर्षं सगळे फसले त्यात नवल नाही.

५.५ — घनता स्वतः काढा. सेलचं आकारमान ४.३२८ गुणिले ९.८७८ गुणिले ५.६७५, म्हणजे २४२.६ घन अँगस्ट्रॉम. एका सूत्राचं वजन १२६.०९, सेलमध्ये अशी चार, म्हणून ५०४.४. याला १.६६०५ ने (अणुवजनावरून ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आणायचा गुणक) गुणा आणि २४२.६ ने भागा. ३.४५. फोर्स्टेराइटचा सेल २९० च्या जवळ, त्याची घनता तसाच हिशोब केला तर ३.२२. गंमत बघा, सिन्हलाइटचं सूत्र वजनाने हलकं, १२६ विरुद्ध १४०.७, तरी खडा जड. बोरॉन सिलिकॉनपेक्षा बराच लहान, त्याचा पिरॅमिड लहान, त्यामुळे अख्खं घर आकसलं.

मोजलेला आकडा हिशोबापेक्षा थोडा वर येतो कारण खऱ्या खड्यात थोड्या मॅग्नेशियमच्या जागी लोह शिरलेलं असतं, ते जड, आणि तपकिरी रंगही त्याचाच. पेरिडॉटचे ३.२२ चे ३.३४ होतात तेही त्यामुळेच.

> तपासणी: तुमचा आकडा ०.९९६ ने गुणून ३.४५ च्या खाली आला तर दुसऱ्या पायरीवर परत जा. शुद्ध सिन्हलाइटपेक्षा हलका सिन्हलाइट नसतो, बुडबुडा असतो.

## ६ : लॅबला पाठवायचा असेल तर

एवढं सगळं जुळलं तरच पाठवा. रामन टेस्ट मागा, त्यात खड्यावर लेसर टाकून परत येणारा उजेड तपासतात, खड्याला काही होत नाही. पावडर एक्स-रे मागू नका, त्याला पूड लागते आणि काउंटरवरचा माणूस विचारेलच असं नाही. खडा सुटा पाठवा, सोबत कागदावर कोरडं वजन तीन दशांशांपर्यंत, पाचही एस.जी., रिफ्रॅक्टोमीटरचे सगळे बारा-चौदा आकडे. नुसती सरासरी नको. आणि पाठवायच्या आधी खड्याचे भिंगातून फोटो काढून ठेवा, आतल्या रेघा, ठिपके दिसतील असे, म्हणजे परत आलेला खडा तोच आहे हे तुम्हाला ओळखता येईल.